कुंडीखालची माती

'उद्या हलवीन तुला, भिऊ नको जाईबाई, तुझ्या मातीवाचून काही तुला धाडायची नाही.' हे शब्द उज्वलाच्या कानावर पहिल्यांदा पडले तेव्हा ती सात वर्षांची होती, आणि ते आपल्यालाच म्हटलेत याबद्दल तिला तिळमात्र शंका वाटली नव्हती. मावशीकडे नाशिकरोडला येऊन तिला तेव्हा चौथा दिवस होता. सायखेड्याहून निघताना आईने सांगितलं होतं, दोन दिवस राहून ये, काका तुला पुलावरून आगगाडी दाखवतील. आगगाडी पहिल्याच दिवशी बघून झाली होती. दोनाचे चार दिवस झाले होते, आणि दिवेलागणीला बाहेर ओट्यावर मावशी कुणाशी तरी बोलत होती, हलक्या आवाजात, जात्यावर बसल्यासारखी. आत लोखंडी खाटेवर पडलेल्या उज्वलाने ते ऐकलं, उठली, आपले दोन झगे आणि लाकडी फणी पिशवीत भरली, आणि सकाळी आंघोळ न करताच पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर जाऊन बसली. मावशी खुरपं घेऊन बाहेर आली. तिने पिशवीकडे बघितलं. 'हे काय गं?' 'तू काल म्हणालीस ना, उद्या हलवायचं.' मावशी हसली नाही. खाली बसून तिने जाईचा गंजका डबा आडवा केला आणि डब्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, 'ते मी हिला म्हनले. झाडाला आदल्या सांजेला सांगावं लागतं. न सांगता हलवलं की धसका घेतं, पानं टाकतं.' मग तिने दोन बोटांत बुंधा धरून सगळी जाई मातीसकट अलगद बाहेर काढली, एक मूळ दुखू दिलं नाही, आणि उज्वला पिशवी धरून ते बघत राहिली. पिशवी केव्हा मांडीवरून खाली ठेवली ते मात्र तिला कधीच आठवलं नाही.

आज उज्वला छप्पन्न वर्षांची आहे, आणि दुपारी तीनच्या सुमाराला तिच्या हातून कढीपत्त्याचं मूळ तुटलं. आवाज मोठा नव्हता. बोट मोडावं तसा, कट्. जेल रोडवरच्या त्यांच्या इमारतीत तळमजल्याच्या मागच्या दारापुढे दोन हात रुंदीची जमिनीची पट्टी होती आणि तिथे भिंतीच्या कडेने अकरा कुंड्या होत्या. दहा हलल्या. अकरावी, सिमेंटची, जागची उठेना. जड असेल म्हणून उज्वलाने तिला कवेत घेतलं, पाय रोवले आणि हिसका दिला, तेव्हा तो आवाज झाला. कुंडी तिरकी करून तिने खाली पाहिलं. तळाच्या भोकातून अंगठ्याएवढं जाड मूळ बाहेर पडून खालच्या जमिनीत उतरलं होतं. किती वर्षांपासून कोण जाणे. आपण वरून तांब्या तांब्या पाणी घालत होतो, झाड कुंडीतलं आहे असं समजत होतो, आणि हे खाली आपल्या हाताने वाढून घेऊन जेवत होतं. तुटल्या जागी मूळ पांढरं होतं, ओलं, सोललेल्या शेंगेसारखं, आणि त्याला पानांचाच वास होता पण उग्र, कडवट, घशात जाऊन बसणारा. उज्वलाने पदराने नाक पुसलं तर वास पदरालाही लागला.

'काय तुटलं?' दारात खुर्ची टाकून बसलेली मावशी म्हणाली. सिंधुबाई आता त्र्याऐंशीच्या. मोतीबिंदूने एक डोळा गेला, दुसऱ्याला माणसं धुक्यातून आल्यासारखी दिसायची, पण कान असे की स्वयंपाकघरात डब्याचं झाकण उघडलं तरी कोणता डबा ते सांगतील.

'काही नाही गं. काडी होती.'

'काडी अशी वाजत नाय,' मावशी म्हणाली. गेल्या चार महिन्यांत उज्वला इतक्या वेळा काही नाही म्हणाली होती, की आता ते दोन शब्द तोंडात आले की जिभेला खडे लागल्यासारखे वाटत. दिवाळीतच सोसायटीचं ठरलं होतं. ही इमारत पाडायची, त्या जागी बारा मजली उभी करायची. तीन वर्षं म्हणतात, म्हणजे चार धरा. तोवर पाथर्डी फाट्याला सातव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट. टेम्पो उद्या सकाळी नऊला येणार होता. मावशीला सांगितलं होतं की घराला रंग काढायचाय, पंधरा दिवस दुसरीकडे राहायचं. हे मुळात महेशच्या, उज्वलाच्या नवऱ्याच्या डोक्यातून निघालं. डॉक्टर म्हणाले होते, वय झालंय, बीपी वर-खाली होतं, मनाला लागेल असं काही नको. महेश म्हणाला, 'मग सांगायचंच कशाला? तिकडे गेल्यावर हळूहळू कळेल.' उज्वला तेव्हा मान हलवून कणीक मळत राहिली होती. कणीक पातळ झाली म्हणून तिने पीठ घातलं, घट्ट झाली म्हणून पाणी घातलं, आणि त्या दिवशी तिघांच्या घरात बावीस पोळ्या झाल्या.

नव्या घराच्या गॅलरीत सिमेंटच्या कुंड्या चालणार नव्हत्या, घरमालकाने आधीच बजावलं होतं. म्हणून आज सकाळपासून एकेक झाड कुंडीतून काढून काळ्या हलक्या पिशवीत लावायचं चाललं होतं. शाळेच्या ऑफिसातून तिने तीन दिवसांची रजा घेतली होती. हात उज्वलाचे, डोळे मावशीचे असं काम होतं. डोळे नसले तरी. 'काल पानी घातलंस ना? माती वलसर पायजे. चिखल नको, कोरडी बी नको. आता चहूअंगानी थापट्या मार. जोरात नाय, पोर निजवतीस का भांडतीस? हां. आता आडवी कर. बुंधा वढू नको, बुडाला हात दे.' गुलाब निघाला, तुळस निघाली. शेवंतीच्या मुळांनी आतून कुंडीचाच आकार घेतला होता, गोल गोल, स्वतःभोवती फिरून फिरून घट्ट. उज्वला ती बोटांनी मोकळी करायला लागली. 'पिंजू नको ती,' मावशी न बघता म्हणाली, 'लेकीची वेणी घालाय नाय बसली तू. जुन्या मातीसकट ठेव, भवतीनं नवी घाल. आठ दिस उन्हात काढू नको. समजंल तिचं तिला.' पाचव्या झाडाशी मावशीने विचारलं, 'पण मी म्हनते, पंधरा दिसासाठी पिशवीत कशाला गं लावती? कुंड्या कोपऱ्यात ढकलल्या असत्या.' उज्वलाच्या नखात माती होती. ती तिने दुसऱ्या नखाने काढली. 'रंगवाले पायऱ्या लावतात, ड्रम ठेवतात. फुटल्या म्हणजे?' 'फुटतील खऱ्या,' मावशी म्हणाली. इतक्या सहज तिने ते मानलं, की उज्वला हात न धुताच उठून आत गेली आणि गॅस बंद आहे का ते पाहून आली. गॅस सकाळपासून बंदच होता. पाच मिनिटांनी ती पुन्हा पाहून आली.

चारच्या सुमाराला शेजारच्या ब्लॉकमधली रूपाली भिंतीवरून डोकावली. 'काकू, तुमचा उद्या का टेम्पो? आमचा परवा. मी तर झाडं वाटून टाकली बाई, तीन वर्षं कोण सांभाळणार.' उज्वला इतक्या घाईने वळली की खुरपं पायावर पडलं. 'रूपाली, तुझ्याकडे कुणीतरी बेल वाजवतंय बघ.' रूपालीला आधी कळलं नाही, मग तिने मावशीकडे बघितलं, जीभ चावली आणि खाली उतरली. 'तीन वर्सं काय?' मावशीने विचारलं. 'तिची मुलगी तीन वर्षांची होईल, त्याचं म्हणत होती.' 'तिला मुलगी नाय. दोन मुलगे हायेत. धाकटा आपल्या वाळवनातल्या कैऱ्या चोरायचा.' 'भाची गं, भाची.' 'हां,' मावशी म्हणाली, 'भाची आसंल.' आणि त्या शब्दाशी दोघीही थबकल्या, किंवा फक्त उज्वलाच थबकली. तीही भाचीच होती. एकोणपन्नास वर्षं ती या बाईला मावशीच म्हणत आली. आई म्हण असं कुणी सांगितलं नाही, म्हणू नको असंही नाही. विषमज्वरात एकवीस रात्री या बाईने तिच्या उशाशी काढल्या. हिने आपल्या पाटल्या मोडून तिचं लग्न केलं. तिच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू करताना हिचाच हात भाजला, अजून त्या जागी कातडं गुळगुळीत आहे. प्रेमाचं म्हणावं तर कुठे काही उणं नव्हतं, आणि त्यामुळेच ते एक न विचारलेलं नीट रुजून बसलं होतं, दिसत नव्हतं, दुखत नव्हतं, फक्त हलवायला गेलं की हलत नव्हतं.

फोन वाजला. महेश. मागे हॉर्नचा नुसता कल्ला. 'द्वारका चौकात अडकलोय अर्धा तास. सिंहस्थाची कामं काढलीत सगळीकडे, एक रस्ता धड नाही. छोटा हत्ती टेम्पो ठरवलाय, नऊला येतोय. मावशींना काही बोलली नाहीस ना?' 'नाही.' 'नको बोलूस. तिकडे वारा चांगला आहे, लिफ्ट आहे. चार दिवसांत रमतील.' उज्वला फोन कानाशी धरून पिशवीतल्या जाईकडे बघत होती. त्या जुन्या जाईचीच फांदी, तिच्या फांदीची फांदी. रमतील. काकाही तेव्हा असंच म्हणाले होते, नोटांच्या प्रेसमधून डबा घेऊन घरी आल्यावर, दारातच, चपला काढता काढता. पोर हाय, रमंल. आत उज्वला पाटीवर सायखेड्याच्या घराचं चित्र काढत होती. दार, दारापुढे आई, आईच्या हातात घागर. चित्र ती रोज काढायची आणि रोज थुंकीने पुसायची, कारण पाटी एकच होती. पहिल्या पावसाळ्यात ती वाट बघत होती. दुसऱ्या पावसाळ्यात तिने विचारलं, आई का येत नाही? मावशी म्हणाली, 'तिच्यामागं तीन पोरं, म्हस, शेत. कशी येईल ती?' हे खरंच होतं. खरं असलं की पोराला पुढे विचारता येत नाही.

मग दर दिवाळीला चार दिवस सायखेड्याला जायचं. तिथे आई तिला पाटावर बसवायची. बाकीची भावंडं चुलीपुढे फतकल मारून जेवायची, हिला मात्र पाट, हिच्या ताटात पहिली करंजी, हिच्या अंगाला वेगळं उटणं. 'तुला तिखट चालंल ना?' आई विचारायची. स्वतःच्या आईने, आपल्याला तिखट चालतं का, म्हणून विचारलेलं उज्वलाला कित्येक रात्री झोपेत ऐकू यायचं. निघताना एस्टीच्या खिडकीशी उभं राहून आई दरवेळी एकच विचारायची, 'करमतं ना गं तिकडं?' आणि तिच्या तोंडाकडे अशी बघत राहायची, की जणू तिथे काही लिहिलंय आणि आईला वाचता येत नाही. उज्वला म्हणायची, हो. पाहुणे तसंच म्हणतात. आई जाऊन बारा वर्षं झाली. शेवटच्या आजारात उज्वला पंधरा दिवस तिच्या पायाशी होती. बोलायला वेळ होता, शुद्ध होती, रात्री लांब होत्या. तरी मला का दिलंस हे तिने विचारलं नाही, कारण दिलं हे तर केव्हाच पचलं होतं. शेतकऱ्याच्या घरात तिसरी मुलगी, बहिणीच्या पोटी काही नाही, देतात माणसं. न पचलेलं निराळं होतं. दोन दिवस म्हणालीस. मग एकदा तरी परत बघायला का आली नाहीस? एकदा, नुसती दारापर्यंत?

'हॅलो? ऐकतेयस ना?' महेश म्हणाला. 'ऐकतेय,' उज्वला म्हणाली आणि फोन ठेवला. कढीपत्ता तसाच तिरका पडला होता. तुटलेल्या मुळाचं टोक तिने धारदार सुरीने सपाट कापलं, हळद दाबली. आता याला कुंडी फोडल्याशिवाय काढता येणार नव्हतं. तिने वरवंटा आणला. पहिला घाव पडला तसा मावशीचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाला. तिसऱ्या घावाला सिमेंटचे तुकडे झाले आणि माती त्याच आकारात उभी राहिली, कपडे काढलेल्या म्हाताऱ्यासारखी थरथरत. उज्वलाने ती दोन्ही हातांनी उचलून मोठ्यात मोठ्या पिशवीत ठेवली. पानं अजून हिरवी होती. ती दोन दिवस हिरवी राहतात, मग एकदम एका सकाळी सगळी गळतात, हे तिला माहीत होतं. आज काही कळत नाही. झाडाचं असंच असतं, जीव गेलेला उशिरा दिसतो. मावशीला सातव्या मजल्यावर खुर्ची टाकून देऊ. पहिले आठ दिवस ती विचारेल, रंग वाळला का. मग पंधरा दिवस होतील, महिना होईल. मग एक दिवस ती विचारायची थांबेल. ते थांबणं कसं असतं हे उज्वलाइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यालाच लोक रमणं म्हणतात.

ऊन भिंतीवरून उतरलं. मावशी काठी टेकत पट्टीवर आली आणि पहिल्या पिशवीपाशी खाली बसली. उज्वला माती झाडत होती. दरवर्षी एखादं तरी झाड हलायचं आणि दरवर्षी ती हे ऐकायची, म्हणून आधी तिचं लक्ष गेलं नाही. 'तुळसाबाई,' मावशी म्हणत होती, पानांवरून हात फिरवत, 'उद्या हलायचंय बरं का. भिऊ नको. पंधराच दिस. उजी म्हनती घराला रंग द्यायचाय. मंग परत हितंच आनून ठेवते तुला, ह्याच जाग्यावर.' ती सरकून शेवंतीपाशी गेली. 'शेवंते, पंधराच दिस हां. गाडीत धक्के बसतील थोडे.' मग गुलाब. मग जाई. प्रत्येकाला ती नेमाने तेच सांगत होती, पंधराच दिस, हितंच, ह्याच जाग्यावर, आपल्या शब्दाची माणसाने खात्री द्यावी तसा प्रत्येक पिशवीच्या मातीला हात लावत. उज्वलाच्या हातातला झाडू थांबला. आयुष्यात ही बाई झाडाशी खोटं बोललेली नव्हती. ती आता बोलत होती, आणि ते खोटं उज्वलाने स्वतःच्या हाताने तिच्या तोंडात घातलं होतं. मावशी सरकत सरकत कढीपत्त्यापाशी पोचली. 'तुला तर लागलं बाबा आज,' ती म्हणाली. 'पन पंधरा दिसात...'

'मावशी, नको सांगूस त्याला तसं.'

'का?'

उज्वला तिच्यासमोर मातीतच बसली. 'रंगकाम नाहीये. इमारत पाडणारेत. सगळी. तीन-चार वर्षं आपल्याला सातव्या मजल्यावर राहायचंय. नंतर हीच जागा मिळेल, पण ही जमीन नसेल, ही भिंत नसेल. मी तुझ्याशी खोटं बोलले.'

मावशीचा हात कढीपत्त्याच्या मातीवर होता तो तसाच राहिला. पलीकडे रूपालीकडचा टीव्ही चालू झाला आणि कुणीतरी आवाज कमी केला. 'कवा ठरलं?' 'दिवाळीत.' 'मंजी समद्या बिल्डिंगीला म्हाईत हाय. मी सोडून.' 'हो.' 'मी नाय येत,' मावशी म्हणाली. तिचा खालचा ओठ लहान मुलीसारखा पुढे आला होता. 'पाडा म्हनावं माझ्यावरच.' उज्वलाने तिला समजावलं नाही. लिफ्ट, वारा, काही म्हणाली नाही. नुसता तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मावशीने तो झटकला. थोड्या वेळाने उज्वलाने पुन्हा ठेवला, तेव्हा राहू दिला.

'महेशराव म्हनले असतील नको सांगू.'

'ते म्हणाले. पण ऐकलं मी.'

'मंग आता का सांगितलंस? उद्या गाडीत बसले असते गुमान. कवा तरी कळलं असतं.'

'कळतं गं,' उज्वला म्हणाली. 'कुणी सांगितलं नाही तरी कळतं. पण मग कुणाला विचारायचं तेच राहत नाही. मी किती वर्षं पायरीवर बसून होते, तुला माहितीये. मला नाही करायचं तसं तुझं.' हे ती रागाने म्हणाली नाही. स्वतःच्याच आवाजाचं तिला नवल वाटलं, इतका तो सपाट होता.

मावशीने धुकट डोळा तिच्याकडे वळवला. तोंडातल्या तोंडात ती काहीतरी चघळत होती, दात नसलेली माणसं चघळतात तसं, आणि मग ती म्हणाली, 'आली व्हती ती.'

'कोण?'

'सुमन. तुझी आई. महिना झाला असंल तुला आनून. दुपारची एस्टी धरून आली, पदरात मुगाच्या शेंगा. दारातच हुबी ऱ्हायली, आत येईना. म्हनली, आक्का, दे माझी पोर, मला घास जात नाय. तू मागं न्हानीत व्हतीस. तुला तिथल्या अंधाराचं लय भ्या. दार लावलं की मोठमोठ्यांदा गानं म्हनायचीस तू, पानी संपंस्तवर. त्या दिशी बी म्हनत व्हतीस. ती आयकत ऱ्हायली. मी म्हनले, बघ, कशी रमलीय, गाती. आता नेऊन परत रडवती का तिला?' मावशीची बोटं कढीपत्त्याच्या मातीत रुतली होती. 'ती तशीच वळली, शेंगा पायरीवर ठेवून. पानी बी नाय प्याली. त्यापायी ती दरसाली तुला इचारायची, करमतं का. ते गानं भ्याचं व्हतं हे मला म्हाईत व्हतं, उजे. तिला नव्हतं. आन् मी सांगितलं नाय.'